मंडप-बिछायतीच्या धंद्यात पर्यावरण सांभाळता येतं का? गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे देतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. पर्यावरणासाठी म्हणून गिऱ्हाईक एक रुपया जास्त देत नाही. पाहुण्यांच्या मानासाठी देतं. आपल्याकडे लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. चुरलेल्या बट्टीवर गरम वरण, वर तूप पडलं की कागदी प्लेट खालून ओली होते, उचलायला गेलं की वाकते. स्टीलच्या ताटात माणूस निवांत जेवतो. मुलीच्या बापाला हे लगेच पटतं. मी ताटं याच बोलीवर देतो.

जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ आमचं बिछायत केंद्र आहे, वडिलांनी सुरू केलेलं. सातशे ताटं होती, प्रत्येकावर त्यांचं नाव कोरलेलं. 2016 साली मोठ्या भावाने त्यातली पाचशे ताटं किलोच्या भावाने भंगारात घातली. धुवायला बाया मिळत नाहीत आणि मोजणीत दर लग्नाला दहा-बारा ताटं कमी भरतात, ही त्याची कारणं. दोन्ही खरी होती, तरी मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या जागी थर्माकोलच्या प्लेटा आणि प्लास्टिकचे ग्लास आले.

पुढच्या वैशाखात मामांच्या वावरात लग्न होतं. कपाशी उपटून वावर मोकळं झालं होतं, मंडप तिथेच टाकला. संध्याकाळी वळवाचं वादळ आलं आणि उष्ट्या प्लेटा-ग्लास बांधापर्यंत उडाले. दादा म्हणाला, उद्या उचलू. दुसऱ्या दिवशी यावलची ऑर्डर होती, कोणी गेलं नाही. आठवड्याने ट्रॅक्टरवाल्याने रोटाव्हेटर फिरवला आणि प्लेटांचा चुरा मातीत कालवला गेला. मामांनी फोन मला केला, दादाला नाही. दोन पोरं घेऊन मी दोन दिवस वेचत होतो. अकरा गोण्या निघाल्या. पण थर्माकोलचे दाणे काळ्या मातीतून वेचता येत नाहीत. मामा रागावले नाहीत. एक ढेकूळ फोडून माझ्या तळहातावर ठेवलं, त्यात पांढरे दाणे. अजूनही नांगरटीला ते वर येतात.

घरी भांडण झालं. "वारा मी सोडला का?" असं दादा म्हणाला. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली तेव्हा गोदामात त्याचा माल पडून होता. मग त्याने चंदेरी कागदी प्लेटा आणल्या. त्या चकाकीखाली प्लास्टिकचाच पापुद्रा असतो, कागदी ग्लासालाही आतून तोच. 'कंपोस्टेबल' छापलेला ग्लाससुद्धा बांधावर टाकला की मातीत जिरेल असं नाही. त्यातल्या बऱ्याच ग्लासांना कंपोस्ट प्रकल्पातली उष्णता लागते, ती वावरात मिळत नाही.

आम्ही वाटण्या केल्या. उरलेली दोनशे ताटं मी घेतली आणि चारशे नवी आणली. ताटं नळाखाली धूत नाही, तीन टब ठेवतो: पहिल्यात खरकटं सुटतं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात साधं पाणी. उरलेलं अन्न आधी वेगळं काढायचं, ते गुरांना जातं. धुणाऱ्या बायांची मजुरी भाड्यात धरा, वेगळी मागितली की घासाघीस सुरू होते. अनामत घ्या आणि ताटं परत घेताना यजमानाचा माणूस समोर उभा करून मोजा. तेव्हापासून मोजणीत एका लग्नाला दोन-तीनच्या वर ताटं गेलेली नाहीत.

तुम्ही भुसावळचे, म्हणून केळीच्या पानांचं विचारलंय. घड भरत असताना कोणताही शेतकरी हिरवं पान कापू देणार नाही, आणि देणारही असला तरी आपल्या वाऱ्याने पानाच्या चिंध्या झालेल्या असतात. त्या भरवशावर सहाशे माणसांची पंगत घेऊ नका.

मंडपाचं म्हणाल तर बांबू आणि सुती कनात. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. तिथली सजावट नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून उभी केली होती. एका दिवसासाठी अंथरून फेकायची ती पातळ मॅट घेऊच नका, जाजम घ्या. प्लास्टिकच्या खुर्च्या मे महिन्याच्या उन्हात रचून ठेवल्या की दोन-तीन वर्षांत तडकतात, शेडखाली ठेवल्या तर कितीतरी जास्त टिकतात. हॅलोजन काढून एलईडी लावा, लहान जनरेटरवर भागतं.

एक सांगायचं राहिलं. जिथे वापरायचं पाणी टँकरने येतं, तिथे स्टील नेऊ नका. तिथे पळसाची पत्रावळ बरी, पण खाली प्लास्टिक चिकटवलेली नको. आणि फार लांबची ऑर्डर असेल तर ताटांच्या वजनाचं डिझेलही धरा.

दादा अजून म्हणतो की स्टीलमध्ये तोटा आहे. मजुरी, साबण, हरवलेली ताटं, सगळं धरून पाच हंगामांचा हिशोब मी वहीत मांडलाय. ताटांची किंमत तिसऱ्या हंगामात वसूल झाली, त्याच्या प्लेटा दर लग्नाला नव्याने घ्याव्या लागतात. त्याच्यापुढे वही दोनदा ठेवली, त्याने पान उलटलं नाही. भुसावळहून सावदा लांब नाही, या, तुम्हाला दाखवतो.