आधी तुझी यादी लहान कर

बाळा, दुसऱ्यांसाठीची प्रार्थना वाढवायची म्हणतेस ना, मग चाळीस नावं भरभर वाचू नकोस. पाच घे आणि त्यांच्यापाशी थांब. मी इथे वेंगुर्ल्यात पहाटेच बसते, होड्या समुद्रात जातात तेव्हा. आधी खलाशांची नावं, मग घरी वाट बघणाऱ्यांची.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा 18वा अध्याय सावकाश वाच. सदोम या पापी नगराचा नाश होऊ नये म्हणून अब्राहाम देवाला विनवतो: इतके नीतिमान सापडले तर नगर वाचव. 50 पासून सुरुवात करतो आणि 10 पर्यंत येतो. सहा वेळा विनवतो, नम्रपणे, पण मागे हटत नाही. आणि तरीही नगर वाचत नाही. पण पुढे 19व्या अध्यायाचं 29वं वचन बघ: देवाने अब्राहामाची आठवण केली आणि त्याच्या पुतण्याला, लोटाला, बाहेर काढलं. माझ्या कितीतरी मागण्यांचं असंच झालं आहे.

कोणी आपलं दुःख सांगितलं तर ते 'प्रार्थनेसाठी' म्हणून मंडळीत पसरवू नकोस. मी एकदा ते केलं. त्या बाईने माझ्याशी बोलणं सोडलं. चूक माझीच होती.

एकटीनेही ओढू नकोस. लढाई चालू असताना वर धरलेले मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. तूही अशा दोघी शोध.

शब्द सुचत नसतील तर नुसती बस, पवित्र आत्मा आपल्यासाठी देवाकडे विनंती करतो.

आणि ज्यांच्यासाठी मागतेस त्यांच्या घरी जात जा. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, हातात पैसा नसतो. तेव्हा पेजेपुरते तांदूळ घेऊन जा.