एक्क्यांची जोडी आली तरी मी चॉप केलं, चुकलं का?

प्रश्न : काका, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, महिन्यातून एकदा दोघं-तिघं मित्र मिळून अटलांटिक सिटीला जातो आणि १-३ डॉलरच्या टेबलवर बसतो, म्हणजे पानं बघायच्या आधीच एकाला १ डॉलर (स्मॉल ब्लाइंड) आणि त्याच्या डावीकडच्याला ३ डॉलर (बिग ब्लाइंड) लावावेच लागतात. पोकर मी भारतात ऑनलाइन शिकलो, तिथे चॉप वगैरे काही बघितलं नव्हतं. मागच्या वेळी मी स्मॉल ब्लाइंडवर होतो, सगळ्यांनी पानं टाकली आणि डावीकडचे आजोबा म्हणाले, "चॉप?" मला काही कळलं नाही, नुसती मान हलवली, तर डीलरने माझा १ डॉलर मला आणि त्यांचे ३ त्यांना परत सरकवले आणि डाव संपला! असं तीनदा झालं. त्यातल्या तिसऱ्या वेळी माझ्याकडे एक्क्यांची जोडी होती, तरी गपचूप चॉप केलं. चौथ्या वेळी मी "चॉप?" विचारलं तर म्हणतात, "आता खेळू या." मी राजा-नव्वीवर अडकलो, ८५ डॉलर गेले, आणि आजोबांनी हसत हसत राण्यांची जोडी दाखवली. मित्र म्हणतात तूच बावळट. खरंच का?

उत्तर : बावळट नाही हो, टेबलवरचे सगळ्यात सभ्य तुम्हीच होतात. एक्के टाकून चॉप करायला छाती लागते, ती जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते आणि तुमची आली तेव्हा समोर एकटे आजोबा.

चॉप म्हणजे बाकी सगळ्यांनी पानं टाकली की दोन ब्लाइंडवाल्यांनी न खेळता आपापले पैसे परत घ्यायचे. ही प्रथा आली कुठून तर रेकमधून, म्हणजे कॅसिनो डावात जमलेल्या पैशांतून कापतो त्या वाट्यातून. बहुतेक अमेरिकन कार्डरूममध्ये फ्लॉप (सगळ्यांसाठी टेबलवर उघडली जाणारी पहिली तीन पानं) पडला नाही तर रेक कापत नाहीत. समजा रेक १०% आहे आणि वर जॅकपॉटच्या (मोठ्या बक्षिसाच्या) फंडासाठी २ डॉलर कापतात. तुम्ही ९ ला रेझ केलं (रक्कम वाढवली), आजोबांनी कॉल केलं (तेवढेच लावले), पॉट (मधे जमलेले पैसे) १८ चा. पुढे दोघांनी काहीच लावलं नाही तरी त्यातले ३.८० डॉलर कॅसिनोच्या डब्यात. म्हणजे जिंकलात तर नफा जेमतेम ५.२०, हरलात तर नऊ गेले. दोघांनी भांडायचं आणि लोणी माकडाने खायचं, त्यापेक्षा आपापली चिप उचला आणि पुढची पानं वाटा. बाकीचे सात जण पण खूश, कारण त्यांना ताटकळत बसावं लागत नाही.

आता डावपेचाचं. फ्लॉपनंतर स्मॉल ब्लाइंडला आधी बोलावं लागतं, बिग ब्लाइंड त्याचं बघून ठरवतो, त्यामुळे दोघं सारख्याच ताकदीचे असतील तर चॉपमध्ये फायदा स्मॉल ब्लाइंडचा. तुमच्या आणि आजोबांच्या जोडीत स्मॉल ब्लाइंड कायम तुम्हीच असणार, ते तुमच्या डाव्या हाताला बसलेत ना! म्हणून त्यांच्याशी चॉप तुमच्या सोयीचा. उजवीकडच्याशी हिशोब उलटा, तिथे तुम्ही खरंच चांगलं खेळत असाल तर न चॉपण्यात थोडे पैसे आहेत. पण थोडेच हं. लाइव्ह टेबलवर तासाला तीसेक डाव होतात आणि १-३ ला कोणी ना कोणी लिंप करतंच (न वाढवता नुसते ३ लावून डावात येतं), सगळे फोल्ड होऊन (पानं टाकून) गोष्ट तुमच्यापर्यंत येणार कितीदा? त्यासाठी शेजाऱ्याचं तोंड वाकडं करायचं का हे तुमचं तुम्ही बघा. मी तरी करत नाही.

राहिला आजोबांचा प्रश्न. त्यांनी नियम मोडला नाही, त्यामुळे फ्लोअरवाल्याला (टेबलांवर देखरेख करणाऱ्या कॅसिनोच्या माणसाला) बोलावून उपयोग नाही, चॉप ही दोघांच्या राजीखुशीची गोष्ट. पण रीत मोडली, आणि चांगलीच मोडली. रीत अशी की चॉप करणार की नाही हे पानं बघायच्या आधी ठरतं, खरं तर टेबलवर बसल्या बसल्याच दोन्ही बाजूंना विचारून टाकायचं, "तुम्ही चॉप करता का?" हो तर कायम हो, नाही तर कायम नाही. "मी चॉप करत नाही" म्हणणाऱ्यावर कोणी रागवत नाही. बघून ठरवणाऱ्यावर मात्र सगळे डूख धरतात, कारण सात-दुर्री आली की चॉप आणि राण्या आल्या की खेळ हा प्रकार लहान पोरांच्या कॅरममध्येसुद्धा चालत नाही. बेत बदलायचाच असेल तर पुढची पानं वाटायच्या आधी सांगायचं. टेबलवर तीन-चारच जण उरले तर चॉप सहसा बंद, नाहीतर खेळायचं काय! ते पण आधी बोलून घ्यायचं.

पुढच्या वेळी आजोबा भेटले तर भांडू नका, पहिल्याच फेरीला "आपण नेहमी खेळू या" म्हणा आणि विषय संपवा. आणि हो, मित्र त्याच टेबलवर असतील तर त्यांच्याशी एक आणि परक्यांशी एक असं करू नका, ते साटंलोटं दिसतं आणि तेव्हा मात्र फ्लोअरवाला खरंच येतो.

प्रश्न : पुण्याहून पहिल्यांदाच गोव्याला पोकर टुर्नामेंट खेळायला जातोय. ऐकलंय की फायनल टेबलवर चॉप करतात. मग ब्लाइंड पण चॉप करता येतात का?

उत्तर : अजिबात नाही, विचारू पण नका, पेनल्टी बसू शकते. कॅश टेबलवर (जिथे प्रत्येक चिप म्हणजे खरे पैसे) दोघांनी आपापले पैसे घेतले तर तिसऱ्याचं काही जात नाही. टुर्नामेंटमध्ये ब्लाइंड वाढत जातात, कोण आधी बाहेर जातो त्यावर बाकी सगळ्यांचं बक्षीस ठरतं, मग तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घेतलंत की ती इतरांची फसवणूक. फायनल टेबलचा चॉप हे वेगळंच प्रकरण, तिथे उरलेले खेळाडू बक्षिसाची रक्कम आपसात वाटून घेतात, तेही सगळे कबूल असतील आणि आयोजक परवानगी देत असतील तरच. शब्द तोच असल्यामुळे गोंधळ होतो एवढंच, एका पॉटमध्ये बरोबरी झाली तरी लोक चॉपच म्हणतात.