वाचकांचे प्रश्न : ‘आजी, तुझ्या घरी बर्फ पडेल ना?’

हिवाळी अंकासाठी आलेल्या पत्रांत या वेळी थंडीचाच विषय अधिक आहे. त्यांतील तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, आणि ते मी मुद्दामच लांबू दिले आहे.

प्रश्न : माझी मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात अमेरिकेत ह्यूस्टन येथे राहतात. तिथे सहसा बर्फ पडत नाही. पण २१ जानेवारी २०२५ रोजी तो पडला, शाळा बंद राहिल्या आणि तिघांनी तो सबंध दिवस घरात काढला. मुलीने वरणफळे केली, नातीने अंगणात वीतभर उंचीचा बर्फाचा बाहुला केला, आणि मी इथे फोनच्या पडद्यावर ते सारे पाहत बसले. या डिसेंबरअखेर ती मंडळी नागपुरात येत आहेत आणि नात रोज विचारते, ‘‘आजी, तुझ्या घरी बर्फ पडेल ना?’’ तिला काय सांगावे? आणि बर्फ नसला तरी तसा एखादा दिवस तिला आपल्या घरात कसा देता येईल?
– एक आजी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आजी, नातीला खरे तेच सांगावे. नागपुरात आकाशातून बर्फ पडत नाही; मात्र तो का पडत नाही, हे सात वर्षांच्या मुलीलाही समजेल असे आहे. हिम तयार व्हायला थंडी लागते तसेच ढगही लागतात, आणि आपल्याकडे ही दोन्ही एकत्र नांदत नाहीत. उत्तरेकडून कोरडे वारे सुरू झाले, आकाश निरभ्र झाले आणि रात्री वारा पडला, की जमीन दिवसभर साठवलेली ऊब मोकळ्या आकाशाकडे सोडून देते आणि पहाटेपर्यंत पारा खाली येतो. ढग आले तर ते गोधडीसारखे वर पांघरले जातात आणि थंडी लगेच कमी होते. शिवाय हिवाळ्यातही नागपूरच्या डोक्यावर सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या वरच असते, त्यामुळे उंचावरच्या ढगात हिमाचे कण तयार झाले तरी ते वाटेतच वितळतात. गारांचे तसे नसते. त्या वजनदार असतात आणि वेगाने येतात, म्हणून पुरत्या वितळण्याआधीच जमिनीवर पोचतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट आपल्याला आठवत असेल. तेव्हा शेते पांढरी झाली होती, पण त्या पांढऱ्या रंगाने शेतकऱ्यांचा हातचा हंगाम नेला होता, म्हणून त्याला ‘आपल्याकडचा बर्फ’ असे कौतुकाने म्हणायला माझे मन घेत नाही.

आता आपल्या थंडीविषयी. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ रोजीचा, ३.९ अंशांचा होता. वेधशाळेचे तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीच्या पेटीत असतात. अशा शांत रात्री उघड्यावरच्या गवतालगतचे तापमान त्याहूनही काही अंशांनी खाली असते. म्हणजेच बर्फ नागपुरात पडत नाही, परंतु एखाद्या रात्री तो नागपुरात तयार होऊ शकतो, आणि आपल्या नातीसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हे मी ऐकीव सांगत नाही. बर्फाचे कारखाने येण्यापूर्वी उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यातल्या रात्री बर्फ ‘पिकवत’ असत. अलाहाबाद येथे, म्हणजे आजच्या प्रयागराजला, ते कसे करतात याचे वर्णन ब्रिटिश सेनाधिकारी रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दिले आहे. मोकळ्या मैदानात दोन फूट खोल खड्डे खणत, त्यांत उसाच्या किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा जाड थर पसरत, त्यावर बिनझिलईची उथळ मातीची भांडी मांडत, आणि संध्याकाळी त्यांत उकळून निववलेले पाणी ओतत. ताटांमुळे जमिनीची ऊब भांड्यापर्यंत येत नसे, सच्छिद्र मातीतून पाणी झिरपून उडताना गारवा वाढत असे, आणि पाण्यातली उरलीसुरली ऊब निरभ्र आकाश ओढून घेत असे. हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही सूर्योदयापूर्वी भांड्यांत बर्फ धरलेला असे.

२०१८ च्या त्या रात्री मी हा प्रयोग आमच्या गच्चीवर केला होता. टोपलीभर धानाचे तणस पसरले, त्यावर कुंभाराकडून आणलेली मातीची चार परळे ठेवली आणि प्रत्येकात करंगळीच्या नखाइतके पाणी ओतले. पहाटे साडेपाचला दिवा घेऊन वर गेले, तेव्हा तीन परळांत पाणीच होते. चौथे परळ कठड्यापासून सर्वांत लांब, पूर्ण उघड्यावर होते, आणि त्यातल्या पाण्यावर उडदाच्या पापडासारखा पातळ पापुद्रा धरला होता. नखाने त्याची कड उचलली आणि दिव्यापुढे धरली, तेव्हा आत एकमेकींना छेदणाऱ्या सुया दिसल्या, जणू कोणी काचेत दर्भाच्या काड्या मांडल्या होत्या. तळहातावर तो पाच-सहा श्वासांपुरता टिकला. घरातल्या सगळ्यांना उठवेपर्यंत पाणी झाले होते, याची रुखरुख मला अजून आहे. आपण नातीला आधीच उठवून ठेवावे.

हा योग दर वर्षी येत नाही. वेधशाळेचा अंदाज चार-पाच अंशांचा असेल, आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असेल, तरच परळे मांडण्यात अर्थ आहे; आणि बर्फ धरलाच नाही तर मूल हिरमुसेल, म्हणून दुसरी तयारी हाताशी असू द्यावी. स्टीलचा कोरडा पेला घ्यावा, त्यात तीन भाग बारीक फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ घालून लाकडी चमच्याने ढवळावे. लाकडी पॉटमध्ये हाताने फिरवून आइसक्रीम करणाऱ्या पिढीला ही युक्ती ठाऊक आहे. मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते आणि काही मिनिटांतच पेल्याची बाहेरची बाजू पांढरी होऊ लागते. आपली हिवाळी हवा कोरडी असल्याने पेल्याजवळ थोडी चहाची वाफ येऊ द्यावी. हा पांढरा थर म्हणजे हवेतली वाफ पाणी न होता थेट गोठून झालेले खरे हिमतुषार होय, आणि ह्यूस्टनच्या अंगणात नातीने पाहिलेले हिमकणही ढगात याच रीतीने वाढलेले असतात. ओले बोट किंवा जीभ त्या पेल्याला लावू देऊ नये.

उरलेला दिवस आपोआप भरेल. आपल्या हिवाळ्याचे सुख असे, की पहाट सहा-सात अंशांची असली तरी दुपारी सव्वीस-सत्तावीस अंशांचे कोवळे ऊन मिळते. बर्फाच्या गावी ही चैन नाही. सकाळी अंगणात छोटी शेकोटी करावी, दहा वाजता गोधड्या गच्चीवर घालाव्यात, आणि दुपारी त्याच तापलेल्या गोधडीवर नातीला घेऊन संत्री सोलत बसावे. आंबिया बहाराची संत्री तोवर संपत आलेली असली तरी मिळतात. साली टाकू नयेत. संध्याकाळी समईच्या ज्योतीजवळ साल दुमडून दाबली, की तिच्यातले तेल तुषारांसारखे उडते आणि क्षणभर फुलबाजी पेटल्यासारखी चमकते. सालीचा चिमटा मात्र मोठ्यांच्याच हातात असावा. रात्री वरणफळे करावीत, वर घरच्या तुपाची धार धरावी, आणि जेवणानंतर संत्रा बर्फीचा तुकडा हातावर ठेवून नातीला सांगावे, की ‘बर्फी’ हा शब्दच फारसीतल्या ‘बर्फ’ या शब्दावरून आला आहे.

प्रश्न : पुण्याहून बदली होऊन मी नागपुरात आलो. बाहेर नऊ अंश असले, की घरात त्याहून जास्त गार वाटते आणि फरशीवर पाय ठेववत नाही. एका सहकाऱ्याने रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा सल्ला दिला आहे. ते योग्य आहे का?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : नाही, आणि यात मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला, की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातली प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. शेगडी अंगणात किंवा गच्चीवर जरूर पेटवावी आणि झोपण्यापूर्वी बाहेरच विझवावी. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरलाही हेच लागू आहे. डोके दुखू लागले, मळमळले किंवा चक्कर आली, तर ताबडतोब मोकळ्या हवेत जावे आणि दवाखाना गाठावा.

घर गार वाटण्याचे कारण असे, की नागपूरची घरे पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. वारा खेळावा म्हणून झरोके, पायांना गारवा मिळावा म्हणून फरशी, आणि जवळजवळ प्रत्येक घरात खिडकीला बसवलेला कूलर. आपल्या घरमालकाचा कूलर अजून खिडकीतच असणार. संध्याकाळी त्याच्या तोंडासमोर हात धरून पाहावा; वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या वाळून विरळ झालेल्या ताट्यांमधून थेट बाहेरची हवा आत येत असते. कूलरचे पाणी काढून तो कोरडा करावा, घराच्या आतल्या बाजूने पुठ्ठा आणि त्यावर जुनी चादर ताणून बसवावी. एवढ्याने अर्धे काम होते. दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे उघडून ऊन आत घ्यावे, सूर्य कलताच ते ओढावेत, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एक सतरंजी अंथरावी. अंथरूण दिवसा उन्हात टाकून संध्याकाळी घडी करून ठेवले, तर रात्री त्यात शिरताना जी ऊब मिळते, ती कोणत्याही हीटरने मिळत नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीची, लग्नानंतर पहिलाच हिवाळा नागपुरात काढते आहे. सासूबाई म्हणतात, थंडीत ‘सोले’ खाल्ल्याशिवाय हिवाळा गेला असे म्हणूच नये. मला त्यांच्यासाठी आश्चर्य म्हणून सोलेभात करायचा आहे. कसा करावा?
– एक वाचक, वर्धा रोड, नागपूर

उत्तर : ताई, सासूबाईंचे म्हणणे अगदी खरे आहे. तुरीच्या ओल्या, हिरव्या दाण्यांना आपण सोले म्हणतो, आणि ते थोडेच आठवडे मिळतात. बाजारात सोललेले दाणे मिळतात, पण शेंगाच आणाव्यात. भरलेल्या, टचटचीत आणि हिरव्या असाव्यात, पिवळ्या पडलेल्या शेंगांतले दाणे निबर निघतात. सोलायला वेळ लागतो, म्हणून ते काम उन्हात बसून करायचे असते, आणि निम्मे दाणे तोंडात जातात हे धरूनच शेंगा जास्त आणाव्यात.

दोन वाट्या तांदळाला दीड वाटी सोले पुरतात. तांदूळ एचएमटी घेतला तर भात मोकळा होतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधावर निवडून तयार केलेले हे वाण असल्याने या थाळीत त्याची जागा हक्काची आहे. आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा आणि मूठभर कोथिंबीर वाटून घ्यावी. निम्मे सोले जाडसर ठेचावेत, निम्मे अख्खे ठेवावेत. तेल जरा सढळ घेऊन मोहरी, जिरे, हिंग, हळद यांची फोडणी करावी, त्यात ठेचलेले सोले परतावेत आणि कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत धीर धरावा. घाईने बिघडते ते येथेच. मग वाटण, अख्खे सोले, चार लहान वांग्यांच्या फोडी आणि चमचाभर काळा मसाला घालावा. धुऊन निथळलेला तांदूळ त्यावर दोन मिनिटे परतून साडेचार वाट्या उकळते पाणी आणि मीठ घालावे. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावा आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण काढू नये.

पहिला घास सासूबाईंना वाढावा. भातावर तूप, शेजारी भाजलेला पापड, आणि ताकाची कढी पातळ व कडकडीत गरम असावी.