इकडे बाहेर खाताना

बाळा, बदली होऊन इकडे विदर्भात आलास, तर पहिल्याच दिवशी झणझणीत सावजी रश्शावर तुटून पडू नको. "तर्री (रश्शावरचा तिखट तेलाचा तवंग) कमी टाका" असं आधीच सांगायचं, त्यात लाज कसली!

सकाळी एसटी स्टँडवर तर्री-पोहे खा. पण चण्याचा रस्सा रटरटत असेल त्याच टपरीवर थांब. आलुबोंडा डोळ्यांसमोर कढईतून निघेपर्यंत पाच मिनिटं दम धर, परातीतला गार उचलू नको. उकळतं, तळतं ते सहसा सोसतं. बाधतं ते पाणी, कापून ठेवलेला कांदा आणि पातळ चटणी. मी एकदा बाजाराच्या दिवशी ठेल्यावरचं पाणी प्यालो अन् तीन दिवस अंथरुणाला खिळलो. तेव्हापासून बाटली घरूनच नेतो.

सांबारवडी मागितलीस तर इडलीसोबतचं सांबार शोधू नको. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. वडी हिवाळ्यात खा, तेव्हा सांबार हिरवागार, भरपूर असतो.

आणि लंबी रोटी करणारी बाई दिसली तर थांबच. पातळ कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत लांबवते अन् तापल्या उपड्या मडक्यावर अलगद सोडते. तिथेच बस, गरम गरम रोटी रश्शात बुडवून खा.