आगगाडीच्या ड्रायव्हरचे स्वप्न

लहानपणी काय व्हायचे होते आणि ते पुढे का बदलले, असे आपण विचारले आहे. मला आगगाडीचा ड्रायव्हर व्हायचे होते. आमचे घर पुण्यातल्या मंगळवार पेठेत होते आणि सुट्टीच्या दिवशी आजोबा मला सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन पाहायला संगम पुलावर नेत असत. १९३० साली सुरू झालेल्या या गाडीविषयी ते घरातल्या लेकीविषयी बोलावे तसे बोलत. शेजारच्या रेल्वे पुलावरून गाडी धडधडत गेली, की खिडकीतल्या ड्रायव्हरला मी जिवाच्या आकांताने हात करायचो. एकदाच त्याने उलट हात केला. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मेकॅनिकलचा डिप्लोमा मी त्याच हेतूने केला. अर्ज भरण्याआधी डोळे तपासून घेतले, तेव्हा रंगीत ठिपक्यांच्या एका चित्रात मला २१ हा आकडा दिसला आणि शेजारी बसलेल्या ताईला ७४. लाल आणि हिरवा यांतला फरक मला नीट कळत नाही, हे त्या दिवशी समजले. सिग्नल ओळखण्यावर शेकडो प्रवाशांचा जीव अवलंबून असल्यामुळे या कामात त्याला सवलत नाही, आणि ते योग्यच आहे. तरी त्यानंतर कित्येक महिने मी स्टेशनकडे फिरकलो नाही.

मला वाटते, मुलांची स्वप्ने डोळ्यांना दिसणाऱ्या कामांतून तयार होतात. ड्रायव्हर दिसतो, डॉक्टर दिसतो, शिक्षिका रोजच दिसते. पण गाडी थांबवणारा ब्रेक कोणी घडवला, कोणी तपासला, हे पुलावरून दिसत नाही. वय वाढते तशी ही मागची कामे दिसू लागतात. आज मी भोसरीतल्या एका कारखान्यात रेल्वेच्या ब्रेकचे सुटे भाग तपासतो. या ब्रेकची रचना मला फार सुंदर वाटते: गाडीभर नळीतून हवेचा दाब राखलेला असतो आणि तो घटला की ब्रेक लागतात, त्यामुळे गाडी मध्येच तुटली तरी डबे आपोआप थांबतात.

बोरघाटात दर ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र उतार आहे. मुंबईला जाताना खंडाळा मागे पडले, की इतर प्रवासी दरीकडे पाहतात आणि मी डोळे मिटून चाकांवर घासणाऱ्या ब्रेकचा आवाज ऐकत बसतो.