तेवेत महिन्यात जन्मलात म्हणून रागीट नाही हो, ताई

ताई, कुणीतरी तुम्हाला हिब्रू बारा महिन्यांची यादी पाठवली. प्रत्येक महिन्यापुढे एक अक्षर, एक रास आणि माणसाचा एकेक गुण. तुमचा जन्म तेवेतचा आणि तेवेतपुढे लिहिलंय ‘राग’. हे माझ्या स्वभावाबद्दल आहे का, आणि बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांत असं मानत का, असं तुम्ही विचारलंत. मी त्याच घरातला, कोकणातून ठाण्याला आलेल्या कुटुंबातला. या महिन्यांवर माझा फार जीव आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

यादी मनाने रचलेली नाही. तिचं मूळ ‘सेफेर येत्सिरा’ नावाच्या फार जुन्या, छोट्याशा ग्रंथात आहे. निसान म्हणजे बोलणं, सिवान म्हणजे चालणं, तम्मूझ म्हणजे पाहणं, आव म्हणजे ऐकणं, तेवेत म्हणजे राग, अदार म्हणजे हसणं. त्याच्या प्रतींमध्ये थोडेफार पाठभेदही आहेत. पण हे जन्मपत्रिकेसारखं वाचायचं नसतं. जाणते लोक याकडे त्या महिन्यात करायचं काम म्हणून बघतात. तम्मूझच्या १७ तारखेला मोशे (मोझेस) डोंगरावरून खाली आला आणि लोक सोन्याच्या वासरापुढे नाचताना दिसले, म्हणून त्या महिन्यात नजर सांभाळायची. आवच्या ९ तारखेला, देवाने देऊ केलेला देश बघायला गेलेल्या हेरांनी आणलेली वाईट बातमी ऐकून सगळे रात्रभर रडले, म्हणून आवमध्ये कान सांभाळायचे. तेवेतमध्ये जन्मलेला रागीट, असा याचा अर्थ होत नाही. तेवेत आला की प्रत्येकाने आपला राग तपासायचा, मग जन्म कुठल्याही महिन्यातला असो.

पण ताई, माझ्या मते यादीच्या आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हिब्रू महिना मुळात माणसांनी जाहीर केल्याशिवाय सुरूच होत नसे. आज गणित ठरलेलं आहे, १९ वर्षांत ७ वेळा तेरावा महिना धरतात. (आपल्या पंचांगात अधिक महिना वेगवेगळा येतो, इथे मात्र दर वेळी अदारच दोनदा, कारण निसान वसंतातच यायला हवा.) पूर्वी मात्र चंद्रकोर पाहिलेले साक्षीदार यरुशलेममध्ये बेथ यअझेक नावाच्या मोठ्या अंगणात जमत. त्यांनी यावं म्हणून तिथे मोठ्या पंगती घालत. न्यायपीठ एकेकाची साक्ष तपासे. कोर सूर्याच्या उत्तरेला होती की दक्षिणेला? किती उंच होती? मग प्रमुख म्हणे, ‘मकुदाश’, म्हणजे पवित्र झाला. लोक उत्तर देत, ‘मकुदाश, मकुदाश’. तेव्हा कुठे महिना लागे.

एकदा न्यायपीठाचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी अशा साक्षीदारांचं मान्य केलं की ज्यांची साक्ष रब्बी (धर्मपंडित) यहोशुआ यांना उघड खोटी वाटत होती. त्यामुळे दोघांच्या हिशोबाने योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, वेगवेगळ्या दिवशी येणार होता. गमलिएल यांनी निरोप धाडला: तुझ्या हिशोबाने जो योम किप्पूर, त्या दिवशी काठी आणि पैशांची पिशवी घेऊन माझ्याकडे ये. योम किप्पूरला या दोन्ही गोष्टी हातात धरायच्या नसतात. यहोशुआ अस्वस्थ झाले. रब्बी अकिवांनी त्यांना समजावलं, की सणांबद्दल शास्त्रात ‘जे तुम्ही जाहीर कराल’ असं म्हटलंय. वेळेवर असो वा नसो, देवाचे सण तेच. यहोशुआ काठी आणि पैसे घेऊन गेले. गमलिएल उठले, त्यांच्या मस्तकाचं चुंबन घेऊन म्हणाले, ये, माझ्या गुरू आणि माझ्या शिष्या. ज्ञानाने गुरू आणि माझं ऐकलंस म्हणून शिष्य.

मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहातली ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, दर वेळी गहिवरून येतं. आकाशातला चंद्र खरा कुठे होता, यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच दिवस पाळणं मोठं ठरलं. मिसरातून (इजिप्तमधून) सुटण्याआधी, अजून गुलाम असतानाच लोकांना पहिली आज्ञा मिळाली ती हीच: हा महिना तुमच्यासाठी महिन्यांचा आरंभ. गुलामाचा वेळ त्याचा स्वतःचा नसतो. वेळ हाती आला तिथेच सुटका सुरू झाली, असं मी मानतो.

आता आपल्या घरांविषयी. आमच्या कोकणातल्या वाडवडिलांना येत्सिरा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण महिन्यांचा अर्थ त्यांनी सणांच्या मराठी नावांत घालून ठेवला. तिश्रीत नव्याचा सण, मग दारं लावून घरात उपास करायचा दारफाळणीचा सण (तोच योम किप्पूर), दुसऱ्या दिवशी दानधर्माचा शिळा सण. खिरीचा सणही याच महिन्यात. तिश्रीच्या आधीच्या एलुलमध्ये पश्चात्तापाचे उपास, त्याला ते शेजाऱ्यांच्या भाषेत रमजान म्हणत. आवच्या नवमीला यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक, त्याचं नाव बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्यात यरुशलेमची राख! मला यापेक्षा खरं अध्यात्म माहीत नाही. अदारची पौर्णिमा फाल्गुनाच्या आसपास येते, म्हणून पुरीमला, म्हणजे राणी एस्तेरच्या गोष्टीच्या सणाला, नाव होळीचा सण. शवाटच्या पंधराव्याला, झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) ठिकाणी जाऊन मलिदा, म्हणजे प्रसादाचं ताट, करायचा. यादीत शवाटपुढे ‘खाणं’ लिहिलंय ना? पोहे, नारळ, साखर आणि फळांचं ते ताट आठवून बघा.

तिश्रीनंतरच्या, सण नसलेल्या हेश्वानकडेही दुर्लक्ष करू नका. इस्रायलमध्ये पाऊस मागायची रोजची प्रार्थना तिश्रीतले सण संपल्या संपल्या सुरू होत नाही, हेश्वानच्या ७ तारखेला होते. कारण सणाला यरुशलेमला आलेला शेवटचा यात्रेकरू १५ दिवसांत फरात नदीपर्यंत पोचतो. तो वाटेत भिजू नये म्हणून सगळा देश आपल्या शेतांचा पाऊस थांबवून धरायचा.

आणि आव म्हणजे नुसता शोक, असंही नाही. त्याच महिन्याच्या पंधराव्याला यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचत, आणि ते कपडे एकमेकींचे मागून आणलेले असत. जिच्याकडे नाहीत तिला लाज वाटू नये म्हणून.

राहिला तुमचा तेवेत. दहाव्या दिवशी बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमला घातलेल्या वेढ्याचा उपास आहे, हे खरं. पण एस्तेर राजवाड्यात नेली गेली तीही याच महिन्यात. आणि तेवेत लागतो तो हनुक्काच्या, म्हणजे रोज एक दिवा वाढवत न्यायच्या आठ दिवसांच्या सणाच्या, आत. पहिल्या रात्री आकाशात चंद्र जवळजवळ नसतो आणि घरात सहावा किंवा सातवा दिवा लागलेला असतो. यंदा वाढदिवसाला तारीख हिब्रू पंचांगात बघा, आणि त्या महिन्याच्या पहिल्या संध्याकाळी घरच्यांबरोबर ते दिवे लावा.