परदेशातलं युद्ध थांबवा म्हणून दर आठवड्याला चौकात मूक निदर्शन करायचं आहे. फलक आणि जागेचं काय बघावं?

सिग्नलजवळ उभे राहा, जिथे गाड्या थांबतात. धावत्या गाडीतून कोणी वाचत नाही. फलकावर तीन-चारच शब्द, अक्षरं किमान सहा इंच उंच, पांढऱ्यावर जाड काळी. एक इंची अक्षर लांबून नीट वाचता येत नाही, आणि बारीक मार्करने लिहिलेला फलक तर फक्त फोटोपुरताच. साधा कार्डशीट वाऱ्यात दुमडतो, म्हणून पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा घ्या.

मागणी एकच ठेवा: ‘युद्धबंदी करा’ किंवा ‘शस्त्रपुरवठा थांबवा’. दहा मुद्दे आले की गटातच वाद लागतात, माणसं गळतात. जेरुसलेममध्ये 1988 साली सुरू झालेल्या ‘विमेन इन ब्लॅक’च्या बायका दर शुक्रवारी काळ्या कपड्यांत तासभर उभ्या राहत, मागणी एवढीच, पॅलेस्टिनी भूभागावरचा इस्रायलचा ताबा संपवा. वार आणि वेळ ठरलेली असली की नवा माणूस न विचारता येऊन मिळतो.

परवानगीचे नियम आधी स्थानिक पोलिसांकडून लेखी घ्या. पदपथ अडवू नका, त्यावरून तक्रारी होतात. शिव्या देणाऱ्याशी कोणीच वाद घालायचा नाही. बोलायला एकच जण नेमा, त्याच्याकडे पत्रकं द्या. पत्रकावर आपल्या लोकप्रतिनिधीचा फोन नंबर हवाच.